हवा दिलेला आणि हवाबंद, यीस्टचे दोन्ही फ्लास्क सारखेच का वागतात?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनापासून बीएस्सीच्या प्रात्यक्षिकापर्यंत हा प्रयोग सगळीकडे होतो आणि बहुतेक वेळा एकाच जागी अडकतो. साखरेच्या पाण्यात यीस्ट घालून दोन फ्लास्क लावायचे. एकात हवा सोडायची, दुसऱ्यावर तेलाचा थर द्यायचा. पुस्तकाप्रमाणे पहिल्यात ऑक्सिश्वसन (ऑक्सिजन वापरून साखरेचं पूर्ण विघटन) व्हायला हवं आणि दुसऱ्यात किण्वन (ऑक्सिजनशिवाय साखरेचं अल्कोहोल होणं, म्हणजे आंबणं). प्रत्यक्षात दोन्हीकडे फेस येतो, दोन्हीकडे चुन्याची निवळी दुधी होते, दोन्हीकडून तोच वास येतो आणि जर्नलमध्ये मात्र पुस्तकातलं उत्तर उतरवलं जातं.

दोष बहुधा यीस्टमध्ये नसतो. साखर इतकी जास्त घातलेली असते की हवा दिली तरी यीस्ट अल्कोहोलच बनवतं. आणि आपण मोजतो तो कार्बन डायऑक्साइड वायू दोन्ही वाटांनी तयार होतो. पण तिथवर पोहोचण्याआधी फुकटात होणाऱ्या तपासण्या उरकून घ्या, कारण अर्धी प्रकरणं तिथेच मिटतात.

लक्षणं

आपलं प्रकरण यांपैकी कुठलं, ते आधी ठरवा.

- दोन्ही फ्लास्क थंड. बुडबुडे नाहीत, फुगा लोळलेला. (तपासणी १, २, ३)
- फेस भरपूर येतो, पण फुगा फुगत नाही किंवा निवळीत बुडबुडे येत नाहीत. (२)
- निवळी दोन्हीकडे दुधी होते, किंवा दुधी होऊन पुन्हा नितळ होते. (४)
- निवळी नळीतून उलटी फ्लास्कात ओढली जाते. (२)
- हवा दिलेल्या फ्लास्कातही अल्कोहोल सापडतं. (५, ६, ७)
- हवा दिलेल्या फ्लास्काला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी व्हिनेगरचा वास येतो. (८)

१. यीस्ट जिवंत आहे का?

३८ ते ४० अंश सेल्सिअसच्या १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम साखर आणि ३ ग्रॅम ड्राय यीस्ट घाला. दहा-पंधरा मिनिटांत वर जाड फेस आला पाहिजे. नाही आला तर पाकीट बदला, पुढचं काही तपासू नका. आपल्याकडे पाकिटं मरतात ती दोन कारणांनी: उन्हाळ्यात दुकानातल्या गरम फडताळावर महिनोन्‌महिने पडून राहणं आणि पावसाळ्यात उघडं पाकीट नुसतं रबर लावून ठेवणं. उघडलेलं यीस्ट हवाबंद बरणीत फ्रिजमध्येच ठेवा.

सुकं यीस्ट गार पाण्यात भिजवू नका. सुकलेलं पेशीपटल गार पाण्यात नीट सावरत नाही, पेशीतला माल बाहेर गळतो आणि यीस्ट अर्धमेलं होतं. उलट टोकाला, ५५ अंशांच्या वरच्या पाण्यात ते मरतंच. बोटाने अंदाज घेण्यापेक्षा थर्मामीटर बुडवा.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनवर खापर फोडायची पद्धत आहे. पिण्याच्या पाण्यात तो इतका थोडा असतो की तीन ग्रॅम यीस्टचं त्याने काही बिघडत नाही. मनात शंका असेल तर पाणी उकळून गार करा, विषय संपला.

२. गळती

बुचाभोवती साबणाचं पाणी लावा आणि फ्लास्क हलकेच हलवा. फुगे आले तर गळती. काचेच्या तोंडाला व्हॅसलिन लावून बूच पिळून बसवलं की बहुतेक गळत्या थांबतात.

निवळीत नळी किती खोल आहे तेही बघा. एक-दोन सेंटिमीटर पुरे. जितकी खोल बुडवाल तितका जास्त दाब वायूला उचलावा लागतो, मग तो बुचाच्या फटीतून सोपी वाट काढतो. नव्या फुग्याचंही तेच. सुरुवातीचा ताण बराच असतो, म्हणून आधी तोंडाने दोन-तीनदा फुगवून सैल करून घ्या. शिवाय रबरातून कार्बन डायऑक्साइड हळूहळू पार होतो. रात्रभर ठेवलेला फुगा सकाळी लहान झाला म्हणजे यीस्ट थांबलं असं नाही.

निवळी उलटी चढते तेव्हा फ्लास्कातला दाब कमी झालेला असतो. एकतर फ्लास्क गार झाला, किंवा निवळीने वाटेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतला. मध्ये एक रिकामी बाटली जोडली की उलटं आलेलं पाणी तिथेच थांबतं. ॲक्वेरियमचा पंप वापरत असाल तर तो द्रवाच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (उलटा प्रवाह अडवणारी झडप) टाका. देखभालीसाठी वीज गेली की पंप थांबतो आणि खाली ठेवलेल्या पंपात साखरेचं पाणी उतरतं.

फ्लास्क घट्ट बंद करून कधीही ठेवू नका. १० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबलं तर ३० अंशांना सुमारे पावणेतीन लिटर कार्बन डायऑक्साइड होतो. २५० मिलीच्या फ्लास्कात १०० मिली द्रावण असेल तर वर उरते दीडशे मिली जागा. काच हा दाब सोसत नाही. बूच उडालं तर नशीब.

३. तापमान, आणि दोन्हीकडे सारखं

२८ ते ३२ अंश ठेवा. एप्रिल-मेमध्ये गच्चीखालच्या लॅबमध्ये ३५ सहज होतं. तेवढं यीस्ट सोसतं, पण वेग वाढतो आणि दोन दिवशीची आकडेवारी जुळत नाही. दोन्ही फ्लास्क एकाच पाण्याच्या टबात ठेवा. हे गरजेचं आहे, कारण हवेचे बुडबुडे सोडलेल्या फ्लास्कातून पाणी उडतं आणि तो दुसऱ्यापेक्षा गार पडतो. मग वेगातला फरक ऑक्सिजनचा की तापमानाचा, हे सांगता येत नाही.

४. निवळी काय सांगते आणि काय नाही

जुन्या बाटलीतली निवळी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आधीच कमजोर झालेली असते. वर पांढरी साय दिसली तर टाकून द्या. नवी करायला उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात २ ते ३ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड घाला, हलवा, रात्रभर ठेवा आणि वरचं नितळ पाणी गाळून घट्ट बुचाच्या बाटलीत भरा. तळाशी पांढरं उरणारच, कारण लिटरमध्ये दीड ग्रॅमच्या आसपासच विरघळतं. दुधी झालेली निवळी पुन्हा नितळ झाली तर घाबरू नका. वायू जास्त झाला की कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं.

मुख्य मुद्दा पुढचा. ऑक्सिश्वसनात एका ग्लुकोज रेणूमागे सहा कार्बन डायऑक्साइड, किण्वनात दोन. वायू दोन्हीकडे आहे, म्हणून निवळी दोन्हीकडे दुधी होणारच. ती फक्त ‘काहीतरी चाललंय’ एवढंच सांगते. पंपाने सोडलेल्या हवेतही कार्बन डायऑक्साइड असतो आणि भरलेल्या वर्गात तो बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे यीस्ट नसतानाही निवळी दुधी होईल. त्यासाठी हवा आधी १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीतून, मग निवळीच्या एका बाटलीतून आणि त्यानंतर यीस्टमध्ये सोडा. मधली निवळी दुधी झाली तर अल्कली संपलं असं समजा. ती बाटली अल्कलीचे तुषार यीस्टपर्यंत जाऊ देत नाही, हा वरचा फायदा. सोडियम हायड्रॉक्साइड हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

वजन घेऊनही फरक निघत नाही. १० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबलं तर ४.९ ग्रॅम वायू निघून जातो. तेच पूर्ण ऑक्सिश्वसनात गेलं तर १४.७ ग्रॅम जातो, पण १०.७ ग्रॅम ऑक्सिजन आत येतो, म्हणजे निव्वळ घट ४ ग्रॅम. एवढा फरक पंपाने उडालेल्या पाण्यातच बुडून जातो.

५. ‘हवेचा’ फ्लास्क खरंच हवेचा आहे का?

इथे मेथिलीन ब्ल्यू हा निळा रंग कामाला येतो. ०.१ टक्के द्रावणाचे दोन थेंब १० मिली यीस्टच्या द्रावणाला पुरतात. ऑक्सिजन असेपर्यंत निळा रंग टिकतो, संपला की रंग जातो. परीक्षानळीत हे बघितलंत तर खाली पांढुरकं होतं आणि हवेला लागलेल्या पृष्ठभागाशी निळी कडी उरते. नळी हलवली की निळं परत येतं.

आता हेच कापसाचं बूच लावून नुसत्या उभ्या ठेवलेल्या फ्लास्कात करा. काही मिनिटांत रंग उडेल. म्हणजे ज्याला आपण ऑक्सिश्वसनाचा फ्लास्क म्हणत होतो, तो पृष्ठभागाखाली हवाबंदच होता. ३० अंशांना हवेशी समतोल असलेल्या लिटरभर पाण्यात ऑक्सिजन मावतो फक्त साडेसात मिलिग्रॅम. १०० मिलीत पाऊण मिलिग्रॅम. त्यावर जेमतेम ०.७ मिलिग्रॅम ग्लुकोजचं पूर्ण श्वसन होतं आणि फ्लास्कात ग्लुकोज असतं १० ग्रॅम. त्यामुळे पाण्यात आधीपासून असलेला ऑक्सिजन जमेस धरूच नका, जे काही श्वसन होईल ते सतत आत येणाऱ्या ऑक्सिजनवरच.

तेलाच्या थराबद्दलही एक गैरसमज आहे. लिक्विड पॅराफिन ऑक्सिजनला अडवत नाही. ऑक्सिजन त्यात विरघळतो आणि हळूहळू खाली येतो. थर उपयोगी पडतो तो द्रवाचं घुसळणं थांबवतो म्हणून. ऑक्सिजन खरा संपवतं ते दाट यीस्ट स्वतःच.

हवेच्या फ्लास्कासाठी बारीक छिद्रांचा एअर स्टोन वापरा. मोठे बुडबुडे नुसते वर पळतात. रंग टिकत नसेल तर यीस्ट कमी करा किंवा द्रवाची उंची कमी ठेवा. ५०० मिलीच्या फ्लास्कात १०० मिलीपेक्षा जास्त नको. शेकर (फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र) असेल तर मिनिटाला २०० फेऱ्या.

६. साखर किती घातली?

रंग निळा टिकला, हवा भरपूर आहे, तरीही अल्कोहोल येतंच आहे? मग प्रयोग बिघडलेला नाही, यीस्ट त्याच्या स्वभावाप्रमाणे वागतंय.

ऑक्सिजन मिळाला की किण्वन मंदावतं आणि पेशी जास्त वाढतात, हे लुई पाश्चरने १८६१ मध्ये नोंदवलं. शाळेत शिकवतात ते एवढंच. पण बेकरीचं यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए, याला समोर साखर जास्त दिसली की ऑक्सिजन असूनही ते किण्वनाची वाट धरतं. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. हर्बर्ट क्रॅबट्रीने १९२९ मध्ये कर्करोगाच्या गाठीतल्या पेशींवर असंच वर्तन नोंदवलं, त्यावरून हे नाव. ग्लायकोलायसिसमधून, म्हणजे ग्लुकोज तुटण्याच्या पहिल्या टप्प्यातून, पायरुव्हेट इतक्या वेगाने येतं की श्वसन जिथे होतं त्या मायटोकाँड्रियाला ते सगळं घेता येत नाही. त्यात भर म्हणजे जास्त ग्लुकोज श्वसनाची बरीच जनुकं दाबून ठेवतं. पुस्तकात एका ग्लुकोजमागे किण्वनातून दोन रेणू एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) विरुद्ध श्वसनातून ३०-३२ (जुन्या पुस्तकांत ३८) असा हिशेब असतो आणि मुलं विचारतात, मग यीस्ट तोट्याचा धंदा का करतं? कारण साखर मुबलक असेल तर वेग महत्त्वाचा ठरतो, आणि अल्कोहोलने शेजारचे जिवाणू मारलेही जातात.

यासाठी लागणारं ग्लुकोज फार थोडं आहे. लिटरमागे काही दशांश ग्रॅमच्या वर गेलं की हे सुरू होतं. आपण घालतो ५ ते १० टक्के, म्हणजे लिटरमागे ५० ते १०० ग्रॅम. एवढ्या साखरेत हवा दिलेला आणि न दिलेला फ्लास्क पहिल्या काही तासांत जवळपास सारखे दिसणं हेच अपेक्षित आहे.

मग साखर कमी करावी तर दुसरी अडचण उभी राहते. ०.२ टक्के ग्लुकोजच्या १०० मिलीतून जास्तीत जास्त ५५ मिली वायू निघतो आणि तेवढा तर त्या पाण्यातच विरघळून राहू शकतो. फुगा हलणारच नाही. ज्या साखरेला ऑक्सिजनचा परिणाम दिसतो, त्या साखरेला वायू दिसत नाही. म्हणून फुगा सोडा आणि पेशी मोजा.

चालणाऱ्या तीन रचना, सोपीपासून अवघडपर्यंत:

ग्लिसरीनची रचना. माध्यम, म्हणजे यीस्ट वाढवायचं पोषक द्रावण: १ टक्का यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, २ टक्के पेप्टोन, २ टक्के ग्लिसरॉल (मेडिकलमधलं साधं ग्लिसरीन चालतं). ग्लिसरॉल हे यीस्ट आंबवू शकत नाही, वापरायचं तर श्वसनच करावं लागतं. हवा दिलेला फ्लास्क दोन-तीन दिवसांत गढूळ होतो, हवाबंद जवळपास तसाच राहतो. ऑक्सिजनचा परिणाम इतका उघड दुसऱ्या कशात दिसत नाही. शाळेला हीच रचना सुचवावी.

४८ तासांची रचना. तेच माध्यम, ग्लिसरॉलऐवजी २ टक्के ग्लुकोज. यीस्ट फक्त ०.०५ ग्रॅम. तीन ग्रॅम घातलंत तर नवी वाढ जुन्या यीस्टच्या ढिगात दिसणार नाही. पहिल्या बारा-सोळा तासांत दोन्हीकडे अल्कोहोल मिळेल. ग्लुकोज संपल्यावर हवेतलं यीस्ट काही वेळ थबकतं, एन्झाइम बदलतं आणि तेच अल्कोहोल श्वसनात वापरायला लागतं. ४८ तासांनी तिथे अल्कोहोल नावापुरतं उरतं आणि पेशी कितीतरी जास्त असतात. नुसतं श्वसन चालतं तेव्हा एक ग्रॅम ग्लुकोजमागे सुमारे अर्धा ग्रॅम सुकं यीस्ट मिळतं, नुसत्या किण्वनात ०.१ ग्रॅम. मोजायला कलरिमीटर (गढूळपणा मोजणारं), हिमोसायटोमीटर (पेशी मोजायची चौकटीची काच), काही नसेल तर सेंट्रिफ्यूज नळीतला थर. हवेच्या झोतासोबतही थोडं अल्कोहोल उडून जातं, हे निरीक्षणात लिहा.

थेंबाथेंबाची रचना. १०० मिली माध्यमात ग्लुकोज न घालता सलाईनच्या सेटने ०.५ टक्के ग्लुकोज मिनिटाला दोन थेंब सोडा. वीस थेंबांचा मिली धरला तर ताशी ६ मिली, म्हणजे ३० मिलिग्रॅम. साखर साचतच नाही, त्यामुळे किण्वन सुरू होत नाही. बेकरी यीस्टचे कारखाने मळी अशीच हळूहळू सोडून प्रचंड हवा देतात. त्यांना अल्कोहोल नको, पेशी हव्यात. फेस फार येतो, तेलाचा एक थेंब टाका.

नुसत्या साखर-पाण्यात यांतलं काही जमत नाही. नायट्रोजन नाही तर नव्या पेशी कशाच्या बनणार?

७. अल्कोहोलची चाचणी खोटं बोलते

आम्लयुक्त डायक्रोमेट नारिंगीचं हिरवं झालं की अल्कोहोल आहे, असं धरलं जातं. पण ग्लुकोजही डायक्रोमेटला हिरवं करतं. यीस्ट न घातलेल्या साखर-पाण्यावर चाचणी करून बघा. त्यामुळे आधी ऊर्ध्वपातन (द्रव उकळून त्याची वाफ गार करून गोळा करणं) करून पहिले ५-१० मिली गोळा करा आणि चाचणी त्यावरच करा. आयोडोफॉर्म चाचणी त्यातल्या त्यात सौम्य: १ मिली ऊर्ध्वपातित द्रव, १ मिली १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, मग तपकिरी छटा टिकेपर्यंत आयोडिनचं द्रावण थेंबाथेंबाने. ६० अंशांच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा. पिवळा साका आला तर होकार. ॲसिटाल्डिहाइडही होकार देतं, हे लक्षात असू द्या.

८. दुसरंच कोणी वाढलंय का?

व्हिनेगरचा वास म्हणजे ॲसिटिक ॲसिडचे जिवाणू. त्यांना अल्कोहोल आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, म्हणून ते नेमके हवेच्या फ्लास्कातच येतात. अल्कोहोल कमी झालं ते यीस्टने श्वसनात वापरलं म्हणून की जिवाणूंनी आंबट केलं म्हणून, हा प्रश्न मग सुटत नाही. पंपाच्या नळीत निर्जंतुक कापूस भरा आणि माध्यम ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात) १२१ अंशांना १५ मिनिटं ठेवा. सूक्ष्मदर्शकाखाली मेथिलीन ब्ल्यूच्या थेंबात बघा. यीस्टच्या पेशी मोठ्या, कळ्या फुटलेल्या असतात. मेलेल्या निळ्या होतात, जिवंत रंगहीन राहतात. बारीक काड्या दिसल्या तर संसर्ग.

हवाबंद फ्लास्क तीन-चार वेळा पुढच्या पुढच्या माध्यमात नेला आणि वाढ मंदावत गेली, तर तो संसर्ग नव्हे. पेशीपटलासाठी लागणारा एर्गोस्टेरॉल (एक मेदासारखा पदार्थ) आणि असंतृप्त मेदाम्लं यीस्टला ऑक्सिजनशिवाय बनवता येत नाहीत. पाकिटातली शिदोरी काही पिढ्या पुरते, मग संपते. नवं पाकीट घ्या किंवा मधल्या एका फेरीला हवा द्या.

कुठे थांबायचं

घरी किंवा सोसायटीच्या हॉलमधल्या प्रदर्शनासाठी करत असाल तर फुगा, निवळी आणि मेथिलीन ब्ल्यू इथवरच. ऊर्ध्वपातन घरी करायचं नाही. आगीचा धोका आहेच, शिवाय परवान्याशिवाय दारू गाळणं महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ खाली गुन्हा आहे. आंबलेलं पाणी चाखू नका, सिंकमध्ये ओता.

कॉलेजमध्ये ऊर्ध्वपातन रसायनशास्त्राच्या शिक्षकांसमोर, हीटिंग मँटलवर, उघड्या ज्योतीशिवाय. डायक्रोमेट कर्करोगकारक आहे. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये न सोडता वेगळ्या बाटलीत जमवा आणि प्रयोगशाळा प्रमुखांकडे द्या. घातक कचरा घेणारी अधिकृत केंद्रं तळोज्याला आणि महापेला आहेत, तो व्यवहार संस्थेनेच करायचा असतो.

निर्जंतुकीकरण करूनही संसर्ग दोनदा आला तर तिसऱ्यांदा माध्यम वाया घालवू नका. नमुना सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागात नेऊन प्लेटवर वेगळा करून घ्या आणि तिथूनच शुद्ध वाण मागा. ऑटोक्लेव्हचा सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसत असेल, किंवा शेकरच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर प्लग काढा आणि सर्व्हिसवाल्याला बोलवा.